वंदनाने धुतलेली टाकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जमतंय बहुतेक.

दिंडोरीजवळच्या एका वायनरीत मी पाहुण्यांना वाईन चाखायला शिकवते. ग्लास तिरका धरा, फिरवा, आधी वास, मग घोट. तो जिभेवर घोळवा. कशाबरोबर काय खायचं तेही सांगते. माझं नाक तिथं फार नावाजलेलं. मला पसंत पडल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत, असं मालक म्हणायचे, आणि मी फुलून जायचे — खोटं कशाला बोलू?

मग एका तापात मला वास येणंच बंद झालं. फोडणी कळेना, उदबत्ती कळेना. कुणाला बोलले नाही. नाकच गेलं तर मला ठेवतील कशाला? पाहुण्यांसमोर निभावून जायचं. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर कुठली रेड वाईन, पनीर टिक्क्याबरोबर कुठली, सगळं तोंडपाठ होतं. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मान डोलवायची, झालं.

वंदना तिथं वाईन बनवायची. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. दारूच्या कारखान्यात मुलगी कशाला, म्हणून तिच्या घरात रोजची कटकट. सगळ्यांशी भांडून तिनं ती नोकरी धरून ठेवली होती. शिराझ आणि कॅबर्ने या दोन द्राक्षांच्या वाईन मिसळून ती एक रेड करत होती — तिचं स्वतःचं पहिलं ब्लेंड. मिसळण्याआधी प्रत्येक पिंपातली वाईन दोघींनी चाखायची, असा आमचा रिवाज. एका पिंपाशी ती अडखळली.

"ताई, याला ओल्या गोणपाटासारखा वास येतोय का गं?"

मला काय येणार, कप्पाळ? मी ग्लास फिरवला, डोळे मिटले — नाटक अगदी साग्रसंगीत — आणि म्हणाले, भास होतोय तुला, मस्त आहे. तिनं लगेच मानलं. स्वतःच्या नाकापेक्षा तिला माझं नाक खरं वाटलं. ते पिंपही टाकीत गेलं. एकदा मिसळलेलं परत वेगळं कसं काढणार?

मालकांनी खास लोकांना जेवायला बोलावलं. त्या रेडबरोबर मटण ठेवा, हे मीच सुचवलेलं. पहिल्याच घोटाला ग्लास खाली टेकले. मटण संपलं, वाईन तशीच राहिली. मालकांनी मला आत बोलावून विचारलं, तू चाखली होतीस ना? — इथवर आले की मी दरवेळी थांबते. मनातल्या मनातसुद्धा. आज बोलते. मी म्हणाले, पिंपात चांगली होती. वंदनानं टाकी नीट धुतली नसेल.

ती टाकी तिनं दुपारभर घासली होती. मी तिथंच उभी होते, पाहत होते.

तिनं वादसुद्धा घातला नाही. मलाच विचारत राहिली, ताई, कुठं राहून गेलं असेल गं? मी म्हणाले, होतं असं कधीकधी. तिची नोकरी गेली, आणि घरच्यांना हवंच होतं — त्यांनी तिचं लग्न लावून दिलं. पुढं मला हळूहळू वास परत येऊ लागला. आधी कळला तो शेजारच्यांच्या लसणाचा. मी जिन्यात बसून रडले. आनंदानं नव्हे, स्वतःची इतकी किळस मला कधी वाटली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात सटाण्याला तिच्या सासरी गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून. ती चहा टाकत होती. कप घासले, धुतले, पुन्हा घासायला घेतले. सासूबाई म्हणाल्या, हिचं हे असंच आहे, भांडं कितीही धुतलं तरी हिचं मन भरत नाही. वंदना ओशाळून हसली. मग एक रिकामा कप तिनं माझ्या नाकाशी धरला.

"ताई, तू सांग बरं. वास नाही ना येत कसला?"

मी वास घेतला. नाही येत, म्हणाले. तिला इतकं हायसं वाटलं, की मला तिच्याकडे बघवेना. तिनं त्यात चहा ओतला. मी तो प्यायले, छान झालाय म्हणाले, आणि काही न सांगता निघून आले.