मोटरीची आंघोळ

शालनवैनीच्या मोटरीला हात लावायचा म्हंजी आदी तिची बोलणी खायची. भवानी पेठेत आमच्या बोळात तिच्या अंगणात आड हाय, आन् आडावर मोटर. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, मधल्या दिवसांत सगळा बोळ तिच्या दारात. पाण्याला ती कुनाला न्हाय म्हणत न्हाय. पण नियम! पायात चप्पल पायजे. हात कोरडे पायजेत. बटन दाबायच्या आदी मोटरीच्या तोंडात तांब्यानं पाणी ओतायचं, म्हंजी आतली हवा निघती. तरीबी पाइपातनं पाणी न्हाय आलं तर लगेच बंद, कोरडी पळवायची न्हाय. आन् उन्हाळ्यात आड निम्मा उपसला की थांबायचं, झऱ्यांना दम खाऊ द्यायचा. एकदा मी बोलत बसले आन् मोटर तशीच घरघरत ऱ्हायली, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "मुक्ताबाई, मोटर हाय ती, तुमचा नवरा न्हाय कोरड्या पोटी पळायला!" बाया हसल्या. मला राग आला, पण मोटर बंद केली.

तिचा पोरगा दिपक मात्र या आडाला कटाळलेला. त्याची पोरगी संघप्रिया नुकती पाय फुटल्यागत सगळीकडं पळाय लागली, आन् अंगणात आड उघडा. बाप हाय, जीव टांगणीला लागणारच की. त्यात मोटरीचं कायम कायतरी निघायचं. उन्हाळ्यात आतल्या तारांचं वायंडिंग जळालं तवा त्यानं आईकडनं शब्दच घेतला, "आई, ही शेवटची दुरुस्ती. पुन्ना जळाली तर आड बुजवायचा, वर खोली काढायची." शालनवैनी व्हय म्हणाली. तवापासनं तिनं मोटरीला डोळ्यात तेल घालून जपलं. पावसाची झड लागायला नको म्हणून वर पत्रा ठोकला. मोटरीजवळ कुनी ओली बादली ठेवली तरी अंगावर यायची.

मंग आला दसरा. वैनीच्या घरी दसऱ्याला पूजाबिजा नसती, ती बौद्ध. त्यांचा तो धम्मदीक्षेचा दिवस, पांढरे कपडे घालून सगळं घर विहारात जातं वंदनेला. तसं सकाळी गेलं. फाटक कधीच लावत न्हाईत, कुनाला पाणी लागलं तर म्हणून.

आमच्या समोर गुरम्मा अक्का ऱ्हाती. लिंगायत बाई, जीव लावणारी, पण करायच्या आदी इचारायचं हे तिला ठाऊक न्हाय. दसऱ्याला तिच्या घरी विळी, कात्री, शिलाई मशीन, नवऱ्याची गाडी, सगळ्याची पूजा. त्या दिवशी तिच्या मनात आलं, ज्या मोटरीचं पाणी आपण वर्षभर पितो तीच तेवढी बिनपूजेची ऱ्हाती. वैनी घरी न्हाई. अक्का गेली तांब्या-ताट घेऊन, मोटरीवर चांगलं घागरभर पाणी ओतलं, तारा असतात त्या मागच्या अंगाला सुद्धा, घासली, पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी पत्र्याच्या आडनं माळ तेवढी बघितली आन् मनात म्हटलं, छान दिसती की.

दुपारी वैनी आली. माळ बघून हसली, म्हणाली, "हे अक्काचं काम." चप्पल घातली, हात पदराला पुसले, मोटरीच्या तोंडात पाणी ओतलं, बटन दाबलं. आतनं फट्‌दिशी आवाज, धूर, आन् जळकट वास बोळभर. सगळ्या घराची लाईट गेली. नशीब, वैनीला काय झालं न्हाय.

अक्का पळत आली आन् कपाळावर हात मारून रडाय लागली. "रोज तू तिला पाणी पाजतीस की गं शालन! मला काय म्हाईत, सणाला आंघोळ घातली तर मरंल म्हणून!"

मी तर भडकलेच. म्हटलं, "अक्का, तोंडात पाणी घालायचं आन् डोक्यावर ओतायचं, यात काय फरक हाय का न्हाय? आता नळाची वाट बघत बसा सगळ्याजणी!" बोलू नये ते बोलले, पण माझा बी आड गेल्यातच जमा होता.

दिपकनं सरळ फोन लावला. मुरमाचा टेंपो उद्या सकाळी पायजे म्हणाला. फोन ठेवून आईकडं वळला. "आजच्या दिवशी, आपल्या दारात, हळदकुंकू! आन् तू हसतीस? शब्द दिलाय तू मला."

"दिलाय," वैनी म्हणाली. "टाक मुरूम, मी आडवी येणार न्हाय. पण आदी ऐक. हा आड तुझ्या आज्यानं का खांदला, ठाव हाय? तवा या बोळात आड एकच, अक्काच्या सासऱ्याचा. माझी सासू घागर घेऊन लांब उभी ऱ्हायची, कुनाला दया आली तर वरनं पाणी ओतायचे. एका दिवशी कुनीच ओतलं न्हाय. त्या दिवसापासनं तुझ्या आज्यानं, धोंडिराममामांनी, गिरणीतनं आलं की कुदळ धरली. आता त्यांचा आड बुजून वर मजला चढला, आन् त्यांची सून माझ्या मोटरीला आंघोळ घालती. आपण पूजा मानत न्हाय, दिपक. पण तिनं हात कशाला लावला ते तर बघशील?"

माझ्या डोळ्याला पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

दिपकनं आडाच्या कठड्याला हात टेकून खाली पाण्याकडं बघितलं. मंग त्यानं टेंपोवाल्याला परत फोन लावला. "मुरूम नको. तुमच्या वळखीचा वेल्डर हाय न्हवं? आडावर लोखंडी जाळी बसवायचीय, कुलूप लागंल अशी. आजच माप घ्यायला धाडा." आन् आईला म्हणाला, "मोटर उद्या सोडवून देतो दुरुस्तीला."

"तवर दोर हाय," वैनी म्हणाली आन् माळ्यावरनं जुना पोहरा काढून आणला.

बाया घागरी घेऊन आल्या. अक्का बी आली, पण फाटकाजवळच थांबली, घागर कमरेवर, मान खाली. पुढं यायचं धाडसच होईना तिला.

वैनीनं वळून बघितलं. तिनं पोहरा कठड्यावर ठेवला, फाटकापर्यंत चालत गेली, अक्काचा हात धरला आन् तिला आडाच्या कठड्याशी आणून दोर तिच्या हातात दिला.

"आमच्या आडावर लांब कुनी उभं ऱ्हात न्हाय, अक्का. वढा."