तुरुंगाच्या दारातलं गाऱ्हाणं

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मी गप्प उभी राहते. हात जोडते, मान खाली घालते, तोंड उघडत नाही. गावातल्या बायका म्हणतात, ही शिकली म्हणून हिला शिंगं फुटली. म्हणू देत. ज्यांनी कधी गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गावचा मानकरी देवापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागतो. एकेक वाक्य, लांब हेल काढून. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेलं सगळं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतं. पोर बोलायला लागलं की पहिल्या दहा शब्दांत हे दोन असतात. मानकरी नेमकं काय मागतोय याकडे निम्म्यांचं लक्ष नसतं. त्याचा हेल खाली उतरला की तोंडं आपली आपण उघडतात.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होतं आणि आमच्या बाजूला दारूबंदी होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही रत्नागिरीच्या शेपटाला. माझा थोरला भाऊ मचव्यावर खलाशी होता. गोव्याहून विजयदुर्गाकडे निघालेल्या त्या मचव्यात कौलांच्या थराखाली बाटल्या सापडल्या. मालक सुटला, मचवा हाकणारा तांडेल सुटला आणि ज्याने कौलं चढवली तो आत गेला. त्याला म्हणे आपल्या गावचाच तुरुंग मिळाला हे नशीब. असल्या नशिबाला काय करायचं ते सांगणाऱ्यांनी सांगितलं नाही.

तुरुंग लहानसाच, खाडीच्या वरच्या टेकाडावर. आत बहुतेक आसपासच्या गावांतलेच लोक, कुणी हातभट्टीचे, कुणी मारामारीचे, कुणी नुसतेच सापडलेले. त्यांना काम काथ्याचं. नारळाची सोडणं खाडीकाठच्या खड्ड्यात महिनोन् महिने कुजत घालायची, मग त्या काळ्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून ती उपसायची, दांडक्याने झोडायची आणि त्याचं सुंभ वळायचं. सुंभ एका कंत्राटदाराकडे जाई. त्या खड्ड्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगूनही कळायचा नाही. त्या पाण्यात हात नरम पडत, आणि मग काथ्याच्या धाग्यांनी कापले जात. कापलेला हात दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात.

भेटीच्या दिवशी आई आणि मी जायचो. गजांच्या पलीकडून भाऊ हात मागे धरून उभा राहायचा. एकदा आईने दरडावलं तेव्हा त्याने ते पुढे केले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हिरवट जखम होती. हे माझ्या भावाचे हात. वादळात फाटलेलं शीड चालत्या मचव्यावर शिवणारे हात म्हणून बंदरावर त्याची ख्याती होती.  परतताना आई वाटेत खाली बसली आणि मातीवर हात आपटून रडली.

चतुर्थीचे गणपती पाण्यात गेले आणि त्यानंतर काही दिवसांनी कैद्यांनी काम बंद केलं. सकाळी शिपायांबरोबर खाली उतरणारी ती रांग दिसेनाशी झाली. मागणी ऐकाल तर हसाल. हाताला लावायला खोबरेल, आणि हात सडलेल्याला तो बरा होईपर्यंत खड्ड्यातून सुटी. एवढंच. सुटका नको, पगार नको. खोबऱ्याच्या मुलखात खोबरेल मागायला संप करावा लागला!

आमच्या शेजारचे काका मुंबईच्या गिरणीतून छातीचं दुखणं घेऊन परत आले होते. संप म्हणजे काय हे गावात फक्त त्यांना माहीत. ते आमच्या पडवीत येऊन बसले आणि खोकत खोकत म्हणाले, "भितर तेंणी हात आखडल्यानी. आता भायर आमी आखडूक होये. सोडणां जातत ती आमच्याच घरातली मां?"

खरंच होतं. कंत्राटदाराची गाडी दर आठवड्याला वाडीवाडीतून फिरून सोडणं गोळा करायची. गावाने सोडण दिलं नाही तर आज ना उद्या खड्डा रिकामा. बाहेरची माणसं रोजावर लावायची म्हटली तरी ती झोडणार काय? मग आम्ही तिघं निघालो, काका, आई आणि मी. घराघरांत जायचं, पडवीच्या कडेला बसायचं, आणि सोडणं देऊ नका म्हणून सांगायचं.

पहिल्याच घरात आमची पूजा झाली. घरधनीण हातवारे करत म्हणाली, "गो बाय, दारयवाल्यांका कसलो संप? तेंका बसान जेवाण गावता. आमका खंय गावता?"

आई शांतपणे म्हणाली, "तुझो घोव माडी काढता ती खंयची लायसन काढून गो?"

ती बाई उठून आत गेली. थोड्या वेळाने चहा आला. माझी आई अशी होती. ती एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवसांत तिच्यात कसलं तरी वारं शिरलं होतं. कुणाला ती ओरडली, कुणाच्या पाया पडली, कुणाच्या अंगणात ठाण मांडून बसली. पंधरवड्यात कंत्राटदाराची गाडी वाडीतून रिकामी खडखडत परत जाऊ लागली. अंगणाअंगणात सोडणांचे ढीग वाढले, चुलीत सोडणं, पाणी तापवायला सोडणं. गाव एवढं एक झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी तेव्हा मूर्खासारखी आनंदात होते.

मग तुरुंगवाल्यांनी आपलं सुरू केलं. भेटी बंद. जेवण अर्धं. तुरुंगापुढे जमायला बंदी. काकांना चौकीवर नेऊन दिवसभर उन्हात बसवलं आणि संध्याकाळी सोडलं. ते घरी आले ते अंथरुणावरच पडले. सगळ्यांत वाईट बातमी एका शिपायाने आणली. तो आमच्याच वाडीतला, चोरून आईला सांगून गेला: आत त्यांना रोज सांगतात की गाव तुमच्यावर थुंकतंय, सोडणं गाड्या भरभरून येताहेत, तुम्ही कुणासाठी बसलाय? आतल्यांना बाहेरचं काही कळत नव्हतं. काहीजण डगमगायला लागले होते. भावाचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"तेंका कळाक होये," आई म्हणाली. दिवसभर ती तेवढंच म्हणत होती. "आमी आसंव ह्या तेंका कळाक होये."

कळवणार कसं? मग तिलाच सुचलं. तुरुंगाच्या दारात, भिंतीला लागून, देवाचा एक जुना पाषाण आहे. तुरुंग बांधला त्याच्याही आधीचा. दसऱ्याला देवाची तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले ते उंच खांब, ढोलताशांसकट गावातून निघतात तेव्हा त्या पाषाणापाशी थांबतात आणि तिथे गाऱ्हाणं होतं. आतल्या कैद्यांनाही त्या वेळी अंगणात सोडायची आणि भिंतीवरून प्रसाद द्यायची जुनी रीत होती. ती मोडायची हिंमत तुरुंगाच्या साहेबातही नव्हती.

"देवाक कोण आडवतलो?" आई म्हणाली. "गाऱ्हाण्यात तेल मागूया. सगळो गाव व्हय म्हाराजा म्हणतलो. भितर आयकाक जातला."

मला अजूनही वाटतं, याहून चांगली युक्ती कुणाला सुचली नसती. अंथरुणावर पडलेल्या काकांचे डोळेही चमकले.

मानकरी आमच्या पडवीत आले, आईने त्यांना पाट दिला. म्हातारा सज्जन माणूस, कधी कुणाशी भांडलेला नाही. तेच तर. त्यांनी वाक्य आमच्यासमोर म्हणून दाखवलं: लेकरांच्या हाताला तेल मिळू दे, सडलेल्या हाताला विश्रांती मिळू दे. आईने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेबाने मानकऱ्यांना कचेरीत बोलावलं. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. एवढं कळलं की साहेबाने त्यांना खुर्ची दिली आणि कपबशीतून चहा दिला, आणि हे ते स्वतःच वाटेत भेटेल त्याला सांगत आले.

दसऱ्याला अख्खं गाव तुरुंगाच्या दारात होतं. जिथे चार माणसांनी उभं राहायला बंदी तिथे पाय ठेवायला जागा नाही. ढोल थांबले. भिंतीपलीकडे पावलांची सळसळ ऐकू आली, कुणी तरी खाकरलं. ती माणसं आमच्यापासून दहा हातांवर होती. आई माझ्या शेजारी उभी, तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मानकऱ्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज दसऱ्याच्या दिसाक तुझी ही लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिंतीच्या आतूनही आलं. बारीक, पण आलं. आईने माझं मनगट दाबलं.

"दर्यार गेलेल्यांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयक आसत तेंच्या पोटापाण्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आतलाही आवाज चढला होता. दोन्हीकडचं गाव एका लयीत आलं होतं.

"आणि ह्या भितीच्या भितर तुझी जी लेकरां आसत, तेंची वाट चुकली, तेंका बुद्धी दी, तेंका परत कामाक लाव, आणि सायबाच्या मनात तेंची दया हाड रे म्हाराजा!"

मी ते ऐकलं. माझा श्वास अडकला, म्हणून माझ्या तोंडून काही निघालं नाही. मी हुशार होते म्हणून नव्हे. आणि माझ्या शेजारून, माझं मनगट धरलेली माझी आई, सगळ्यांहून वर, खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं. आणि क्षणभर थांबून भिंतीच्या आतूनही आलं, "व्हय म्हाराजा."

आईला कळायला थोडा वेळ लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मानकऱ्यांकडे, मग भिंतीकडे. तिचं तोंड अजून उघडंच होतं. पुढच्या कुठल्याच वाक्याला ती बोलली नाही. पण पुढच्या वाक्यांना अर्थच नव्हता. ढोल वाजले, तरंगं हलली, प्रसाद भिंतीवरून आत गेला.

बाहेरच्यांना कुणी तरी समजवायला हवं होतं, की चुकून बोललात, विसरा. मी बोलून पाहिलं. लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघायचे. देवापुढे दिलेला शब्द आहे, म्हणाले. तरंगांसमोर हो म्हटलं आणि मोडलं तर घरात काय होईल? दुसऱ्या दिवशी बायकांनी आपणहून सोडणं रस्त्याच्या कडेला आणून रचली, आणि गाडीला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. आणि आतली ती रांग सकाळी खाली उतरली. शिपायांना काही बोलावंही लागलं नाही. त्यांनीही देवापुढे हो म्हटलं होतं ना. तेल आलं नाही, बंद झालेल्या भेटीही पुन्हा सुरू झाल्या नाहीत. साहेबाच्या मनात दयाही आली नाही.

मानकऱ्यांना मी भर रस्त्यात गाठलं आणि नाही नाही ते बोलले. ते कळवळून म्हणाले, "मी वायट काय मागलंय गो? दोघांचा बरां होवंदे म्हणान मागलंय." त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. खोटा माणूस असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. काका त्यानंतर पावसाळा बघायला राहिले नाहीत.

भाऊ सुटून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता, आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वाकून तळव्याला चिकटली होती. अंगठा तालुक्याच्या दवाखान्यात काढला होता. आईने त्याला पाटावर बसवलं, त्याच्या आवडीची बांगड्याची आमटी केली होती. त्याला भात कालवता येईना. तळव्याने तो भात गोळा करायचा आणि घास तोंडाशी नेईपर्यंत सांडायचा. शेवटी आईने ताट आपल्याकडे ओढलं आणि लहान मुलाला भरवावं तसं भरवायला लागली.  मी दाराशी उभी होते.

मध्येच आईने विचारलं. इतके महिने ती तेवढंच घोकत असणार. "आमका कळूक नाय, आमी म्हटलंव. पण तू तर भितर होतस. तुका कळलां नाय? तू कित्याक म्हटलंस?"

भावाने घास गिळला. "माका कळलां," तो म्हणाला. "आमका सगळ्यांका कळलां. आमी गप रवलंव. मगे तुझो आवाज आयकलंय. म्हटलां, माझी आवसच व्हय म्हणता, म्हणजे भायर सगळा संपला. म्हणान मी म्हटलंय. माझ्या मागसून बाकीच्यांनी."

आईने पुढचा घास त्याच्या तोंडाशी नेला होता. तो तिने तसाच परत ताटात ठेवला. मग पुन्हा उचलला आणि त्याला भरवला, कारण त्याचं तोंड उघडं होतं.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दर दसऱ्याला तरंगांच्या मागून तुरुंगाच्या दारापर्यंत जायची, आणि मानकऱ्याने हेल काढला की पदराचा बोळा करून तोंडात कोंबून उभी राहायची.