रेकॉर्ड गात राहिली, ती गप्प उभी राहिली

“तू सांग तिला,” पास्कल अंकल म्हणाले. “तुझं इंग्लिश बरं आहे. कॉलेजात जातोस ना?”

मी कॉलेजात जात नव्हतो. दोहात नोकरी करता करता बाहेरून बी.ए.च्या परीक्षा देत होतो, एवढंच. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, आणि अंकल आमच्याच वसईचे. वडील वाडीत केळी लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. माझा व्हिसाही त्यांनीच काढून दिला होता. त्यामुळे अवघड निरोप सांगायची वेळ आली की माझं कॉलेज त्यांना आठवायचं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, समुद्राकाठच्या एका हॉटेलातली. पास्कल अंकल आमच्या साउंड कंपनीचे मॅनेजर. स्पीकर, माइक, मिक्सर भाड्याने द्यायचे आणि शो चालवायचा, हे आमचं काम. मिक्सरवर मी बसायचो. त्या दिवशी स्टेज स्विमिंग पूलजवळच्या लॉनवर होतं, आणि गाणारी बाई होती नादेज.

नादेजचा जन्म काँगोतला. अगदी लहान असताना आईवडील तिला घेऊन हॉलंडला गेले, ती तिथेच वाढली. नव्वदच्या दशकात युरोपात डिस्कोत नाचायची जी गाणी निघाली, त्यातलं एक फार गाजलेलं गाणं तिचं. ते गाणं मला तोंडपाठ होतं. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत बॅन्डवाले ते ट्रम्पेटवर वाजवायचे, आणि शब्दांचा अर्थ न कळता अख्खं गाव नाचायचं. माझ्या मोठ्या भावाकडे त्याची कॅसेट होती. कव्हरवर चंदेरी कपड्यांतली एक उंच, गोरी मुलगी होती.

स्टेजवर आलेली बाई ती नव्हती. बुटकी, चाळिशीची, सावळी, डोक्याला रुमाल बांधलेली. मला वाटलं, कुणीतरी बदली पाठवली.

मला सांगायचा होता तो निरोप असा. हॉटेलचा शो मॅनेजर टोनी, लेबनॉनचा, त्याला गाणं हुबेहूब सीडीसारखं हवं होतं. तेव्हा नादेजने गायचं नाही. सीडी लावायची, तिने हातात बंद माइक धरून नाचायचं आणि ओठ हलवायचे.

हे वाचून कुणाला धक्का बसेल, पण आमच्या धंद्यात ते रोजचं आहे. गाण्याचे ट्रॅक दोन प्रकारचे असतात. फुल ट्रॅकमध्ये वाद्यं आणि आवाज दोन्ही. मायनस ट्रॅकमध्ये नुसती वाद्यं, आवाज गायकाने समोर उभं राहून द्यायचा. हॉटेलांची आणखी एक सोय होती, तिला आम्ही ‘सेफ्टी’ म्हणायचो. गायक मायनस ट्रॅकवर गातो, पण बाजूला फुल ट्रॅकही बारीक आवाजात चालू ठेवायचा. गायकाला दम लागला की माइक खाली करायचा आणि रेकॉर्डमधला आवाज वर आणायचा. लोकांना पत्ता लागत नाही.

अंकलनी टोनीला आधीच शब्द देऊन टाकला होता, “सेफ्टी आहे, नो प्रॉब्लेम.” ट्रॅक मात्र त्यांनी ऐकलेच नव्हते. मी ऐकले. सीडीवरचं गाणं काळी पाचच्या पट्टीत होतं. नादेजने आणलेला मायनस ट्रॅक काळी चारमध्ये, म्हणजे एक अख्खा सूर खाली. वयाबरोबर आवाज खाली येतो, म्हणून तिने तो नव्याने करून घेतला होता. दोन वेगळ्या पट्ट्यांतले ट्रॅक एकत्र लावले तर ऐकणारा कान झाकून घेईल. सेफ्टी शक्यच नव्हती. एक तर ती खरं गाणार, नाहीतर पूर्ण सीडी. अंकलनी सीडी निवडली.

मी स्टेजवर गेलो. वाक्य मनात चार वेळा जुळवलं होतं. तरी अडखळलोच.

“मॅडम, मॅनेजमेंटची रिक्वेस्ट आहे... आज फक्त परफॉर्म करायचं. आवाज सीडीवरून येईल.”

इतक्यात जवळच्या मशिदीतून असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान सुरू झाली. मी पळत जाऊन मिक्सर म्यूट केला. अजान चालू असताना आम्ही साउंड बंद ठेवायचो, हे सांगावंही लागत नसे. वेटर टेबलांवर चादरी घालत होते, तेही हळू बोलू लागले. नादेज स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली आणि तिने मला हाताने बोलावलं.

“तुझ्याकडे ती कॅसेट होती?” तिने हलक्या आवाजात विचारलं.

“भावाकडे होती.”

“कव्हरवर कोण होतं?”

मी हातातली केबल गुंडाळायला लागलो. तीच हसली. “चांगली मुलगी होती. मॉडेल होती, गाता यायचं नाही. मी स्टुडिओत गायले तेव्हा मला सांगितलं होतं, हा नुसता नमुना आहे. मग एके दिवशी टीव्ही लावला, तर माझा आवाज तिच्या तोंडातून येत होता. आईने विचारलं, ही कोण गं?”

“तुम्ही काय केलं?”

“भांडले. दुसऱ्या रेकॉर्डपासून माझं नाव आलं, माझा फोटो आला. पण तोवर लोकांचं नाचून झालं होतं.” तिने खांदे उडवले. “तेव्हापासून एक ठरवलंय. माझ्या आवाजावर दुसरीने ओठ हलवले, ते झालं. मी स्वतः हलवणार नाही. जा, सांग तुझ्या बॉसला.”

जायच्या आधी मी तिला आमच्याकडच्या वरातीचं सांगितलं.

“लग्नात?” तिचे डोळे मोठे झाले. “आणि तिथे ओठ कोण हलवतं?”

“कोणीच नाही. ट्रम्पेट असतो.”

ती इतक्या मोठ्याने हसली की तिने स्वतःच तोंडावर हात धरला. अजान अजून संपली नव्हती.

अंकलना मी तिचं उत्तर सांगितलं. ते मिक्सरच्या मागे खुर्ची टाकून बसले होते.

“ठरवलंय म्हणजे काय? आम्ही काय तिला वसईच्या जत्रेला बोलावलंय?”

“अंकल, ती बरं गाते. साउंडचेकला ऐकलं मी. वरच्या ओळीला थोडा आवाज फाटतो, बाकी...”

“फाटतो ना? मग! टोनीला फाटलेलं नको. हे बघ पोरा, उद्याचा शोही याच हॉटेलात आहे. गेला तर कंपनी तुला विचारणार नाही, मला विचारेल. आणि मी तुला विचारेन.”

धमकी साधी होती. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम मिळायचं नाही. आखातात काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. मी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही. प्लेअरमध्ये सीडी होती, मिनिडिस्क नावाच्या छोट्या डिस्कवर मायनस ट्रॅक होता, दोन्ही तयार ठेवले.

शो सुरू झाला. लॉन भरलं होतं. लेबनीज कुटुंबं, काही युरोपियन, आपल्याकडचे तेल कंपन्यांतले इंजिनिअर बायकामुलांसह. पहिली दोन गाणी मी मायनसवर चालवली. ती गायली. नाच थोडा कमी, पण आवाज भरलेला. लोक माना डोलवत होते. टोनी मात्र अंकलच्या कानाशी लागला.

“हबीबी, नेक्स्ट इज द बिग वन. प्लीज, सीडी.”

अंकल माझ्याकडे वळले. “सीडी लाव.”

“अंकल, मी नाही लावणार.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तुम्हाला लावायची तर लावा.”

“सरक.”

त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घातला, मिक्सरवर नादेजच्या माइकचा आवाज खाली ओढला आणि सीडी चालू केली.

गाणं सुरू झालं तशी लोकांत आरोळी उठली. सगळ्यांना ते ओळखीचं होतं. मग आवाज आला. तोच तो आवाज, तरुण, टोकदार, काळी पाचमधला.

नादेज हलली नाही. तिने माइक असलेला हात खाली सोडला, इतका खाली की तो गुडघ्यापाशी लोंबत होता. तोंड घट्ट मिटलं. स्पीकरमधून ती गात होती आणि स्टेजवर ती गप्प उभी होती. प्रेक्षकांकडे बघत. पहिलं कडवं पूर्ण गेलं. काही लोक हसले, त्यांना वाटलं हा शोचाच भाग आहे. मग हसणं थांबलं. पुढच्या टेबलावरची एक बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, ही गातच नाहीये!” मराठीत. माझ्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

टोनी दोन्ही हातांनी खुणा करत होता, डान्स, डान्स! ती त्याच्याकडे बघत उभीच होती. ध्रुवपदात रेकॉर्डमधला आवाज चढला, आणि तिचे ओठ तसेच मिटलेले.

शेवटी अंकलच घाबरले. त्यांनी सीडीचा आवाज खाली ओढला. लॉनवर फक्त पूलच्या पंपाचा आवाज राहिला.

“आता काय?” ते मला म्हणाले. चिडून नाही. खरंच विचारत होते.

नादेजने माइक वर उचलला. तिला माहीत नव्हतं की तो बंद आहे की चालू. मी मिक्सरवर तिच्या माइकचा आवाज वर केला. अंकलचा हात अजून सीडीच्या बटणावरच होता, माझ्या हातावर आला नाही.

ती ट्रॅकशिवाय गायली. नुसता आवाज. तेच गाणं, पण सावकाश, तिच्या आताच्या पट्टीत. डाव्या पायाने ताल धरला होता. दुसऱ्या ओळीला एका फिलिपिनो वेटरने ट्रेवर बोटांनी ताल धरला, आणि मग टेबलं वाजायला लागली. वरच्या ओळीला आवाज फाटला. चांगलाच फाटला. ती थांबली, हसली, म्हणाली, “वन मोअर टाइम,” आणि तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा जरासा फाटला. तिने तो तसाच सोडला आणि पुढे गेली.

सगळ्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही. काही टेबलं उठून गेली. टोनीने दुसऱ्या दिवशीचा शो रद्द केला, त्याच्या शब्दांत, “खलास.” त्याच्या जागी एक जादूगार आला.

व्हॅनमध्ये सामान भरताना अंकल म्हणाले, “कॉलेजात हेच शिकवतात काय रे?”

“अजून तिथवर पोचलो नाही, अंकल.”

त्यांनी मला घरी पाठवलं नाही. पण शो काढून घेतले. मग बरेच महिने मी हॉटेलांच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये बसून सेमिनारचे माइक चालू-बंद केले. तिथे सेफ्टी लागत नाही. तिथे माइक बंद पडला तर लोक खूश होतात.

नादेज मस्कतला गेली. जाताना हॉटेलच्या लॉबीत तिने मला हाक मारून सांगितलं की तिथल्या मॅनेजरलाही सीडीच हवी आहे. “मग?” मी विचारलं. “मग काय,” ती म्हणाली, “त्यालाही माझं तोंड मिटलेलं बघायला मिळेल.” आणि बॅग ओढत निघाली.

पुढे मला शो परत मिळाले. आता स्वतःचं छोटं काम करतो. आयोजक सेफ्टी मागतात, मी देतोही. फक्त आधी गाणाऱ्याला विचारतो, कुठल्या पट्टीत गाता, आणि मागे रेकॉर्ड ठेवलेली चालेल का. तो नको म्हणाला, तर नाही ठेवत. सेफ्टी नक्की कोणाला वाचवते, हे आयोजकाला विचारून कळत नाही.