मागच्या रांगेतला आवाज

येरवड्यात खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करणारा शहाबाज हाफिज आहे. सगळं कुराण तोंडपाठ. वर्षानुवर्षं कामावर जायच्या आधी पहाटे बसून त्यानं ते पक्कं केलं. आयतं काही मिळालं नाही. यंदा रमजानमधली रोज रात्रीची तरावीहची लांब नमाज, कुराण तोंडपाठ म्हणत, गल्लीतल्या मशिदीत त्यानंच पढवायची ठरली आणि त्याचं जेवण तुटलं.

"मधेच अडलो तर, अब्बा? सगळी गल्ली मागे उभी असेल."

त्याच्या अब्बांनी, गल्लीच्या रज्जाकचाचांनी, जन्मभर फिटरचं काम केलेलं. "जाळीचा टाका सुटला, तर जाळी भंगारात टाकतोस का?"

"नाही. घासून पुन्हा मारतो."

"मग जेव."

पहिल्याच दिवशी तो अडला. आयत, म्हणजे कुराणातली ती ओळ, पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथंच रुतला. चूक सांगायला पाठीमागे मुल्लाजी नेमले होते. त्यांना नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. शहाबाजच्या पाठीवरून घाम ओघळला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एका भरदार, अनोळखी आवाजानं पुढचे दोन शब्द दिले. गाडी सुटली ती थेट शेवटपर्यंत.

नमाज संपताच तो चपला शोधत म्हणाला, "उद्या दुसरा हाफिज बघा."

दारात एक उंच पोरगा उभा होता. इद्रिस, सुदानचा, इथं इंजिनिअरिंगला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "शब्द मी सांगितले. रागावलास?"

"लाज वाटली."

"लाज कसली? मीही हाफिज आहे. परीक्षेच्या धास्तीनं मला वाचलेलं काही आठवत नाही. छातीतली धडधड थांबावी म्हणून इथं येतो. आज तू अडलास आणि मला आठवलं! किती दिवसांनी डोकं चाललं."

शहाबाजला हसू फुटलं. "मग उद्या पहिल्या रांगेत ये. माझ्या पाठीशी."

"आणि त्याआधी आमच्याकडे इफ्तारला," चाचा म्हणाले. "उपाशी माणसाचा आवाज पोचत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी शहाबाजच्या अम्मीच्या, शहजादीचाचींच्या, भज्यांचं ताट दोघांनी पुसून काढलं. मग शहाबाज पुढे उभा राहिला. पाठीशी इद्रिस होता. त्या दिवशी शहाबाज एकदाही अडला नाही.

बाहेर येताच इद्रिसनं तोंड फुगवलं. "मला कामच ठेवलं नाहीस!"

"उभा होतास ना पूर्ण वेळ?" चाचा म्हणाले. "मग हजेरी भरली. चला, जेवायला."