दरबानचं पर्मिट आणि खुपऱ्या

वरची पापणी काडीवर उलटली आणि मी थांबले.

"बाई, बरं हाय ना?" जैनब खुर्चीत बसल्या बसल्या विचारत होती. "मग सही करा की. परतीची गाडी गाठायची हाय मला."

पापणीच्या आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होते. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरी भाषेत याला ट्रॅकोमा म्हणतात, आपल्याकडे खुपऱ्या. डोळे खुपतात, लाल होतात, सकाळी चिकटतात. त्या काळी मावळात लोक पाण्याने डोळे धुवून कामाला लागत. खुपऱ्यांसाठी दवाखान्यात सहसा कोणी येत नसे. जैनबही डोळे दाखवायला आली नव्हती. तिला सर्टिफिकेट हवं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधी मी लोणावळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात असिस्टंट डॉक्टर होते. बायकांचं आउटडोअर, म्हणजे रोज येऊन-जाऊन औषध घेणाऱ्यांची तपासणी, माझ्याकडे होतं. जैनब वडगावच्या तांबोळ्यांची सून, वय एकोणीस-वीस. तिचा नवरा इस्माईल लहानपणीच चुलत्याबरोबर आफ्रिकेत दरबानला, म्हणजे डर्बनला, गेला होता आणि तिथे कपडे शिवायचा. लग्नापुरता गावी आला, काही महिने राहिला आणि परत गेला. फार दिवस बाहेर राहिलं तर तिथे राहायचा हक्क जातो, म्हणून थांबता आलं नाही.

तिथल्या सरकारने नव्या हिंदी माणसांना दार बंद केलं होतं. आधीपासून राहणाऱ्यांच्या बायकामुलांना तेवढं येता येई. त्यासाठी नवऱ्याने तिकडे अर्ज करायचा, ही माझी बायको आणि हिची जबाबदारी माझी, असं लिहून द्यायचं. इकडे वडगावच्या कचेरीत चौकशी व्हायची. काझी झाले, साक्षीदार झाले, फोटो झाला. सगळे कागद बोटीने गेले होते. आता पर्मिट येण्याची वाट होती. ते आलं की ठरलेल्या मुदतीत निघायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यात माझं काम एवढंच होतं. दरबानच्या बंदरावर डॉक्टर उतारूंच्या पापण्या उलटून बघतो. खुपऱ्या दिसल्या की माणसाला परत पाठवतात, आणि परत आणण्याचा भार बोट कंपनीवर पडतो. म्हणून कंपनीचा मुंबईचा एजंट आधीच डॉक्टरचा दाखला मागत असे.

मी जैनबला खरं ते सांगितलं. तिला पटेना.

"पन मला दिसतंय की सगळं! सुईत दोरा घालते मी."

"दिसतं गं. पण हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. बंदरावरनं परत पाठवतील तुला."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "किती दिस लागतील?"

"काही महिने."

"म्हैने?" ती म्हणाली आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

दुपारी साठे डॉक्टरांनी मला बोलावलं. ते दवाखान्याचे मुख्य. जैनबचा दीर खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होता आणि त्या बंगल्याचे मालक आमचे ट्रस्टी. निरोप लगेच पोचला होता.

"अहो, सगळ्या तालुक्याला खुपऱ्या आहेत," साठे डॉक्टर म्हणाले. "फिट म्हणून लिहून द्या. जाऊ दे बिचारीला नवऱ्याकडे."

"आणि बंदरावरून परत आली तर?"

"आपण काय करणार?"

"सर, मग सही तुम्ही करा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सही त्यांनीही केली नाही.

औषध होतं ते मोरचुदाची कांडी. डोळ्यांत बधिर करणारे थेंब घालायचे, पापणी उलटायची, दाण्यांवर कांडी फिरवायची आणि पाण्याने धुवायचं. थेंबांचा असर उतरला की आग आग होते. मोठी माणसं रडतात. जैनब रडत नसे. ओला बोळा डोळ्यांवर धरून व्हरांड्यात येरझारा घालायची.

"बस ना जरा," मी म्हणायचे.

"बसलं की जास्त वाटतं बाई."

दवाखान्यात यायच्या आधी ती स्टेशनजवळच्या पोस्टात डोकावून यायची. तिचं टपाल वडगावला येणार, लोणावळ्याला नव्हे, हे पोस्टातल्या लोकांनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तरी जायची. वडगावात कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, की आफ्रिकेतले पुरुष तिकडेच दुसरी करतात. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही डोळे मिटलेले असताना. मग लगेच म्हणाली, "आज दोनदा लावा मोरचूद. दुप्पट लावलं तर निम्म्या दिसांत बरं व्हईल."

"नाही होत तसं. डोळा जाईल."

तिने ऐकलं नाही. पुढच्या खेपेला दिराचा हात धरून आली. उजवा डोळा सुजून मिटलेला, गालावरून पाणी वाहतंय. वाण्याकडून मोरचूद आणून तिने घरी स्वतःच लावलं होतं, थेंबांशिवाय. बुबुळावर जखम झाली होती. बुबुळ म्हणजे डोळ्याची पुढची काच. तिच्यावर मोठा डाग पडला तर नजर जाते.

मी तिला वॉर्डात ठेवून घेतलं. तेव्हा मात्र ती घाबरली होती. पट्टी बांधताना माझा पदर धरून म्हणाली, "आंदळ्या बायकूला ते कशाला बोलावतील?"

 जखम भरायला वेळ लागला. मी रोज सकाळी पट्टी सोडायच्या आधी हात धुताना जरा जास्तच वेळ लावायचे. नशिबाने डाग कडेला राहिला आणि नजर वाचली.

पण त्या दिवसांत वेगळंच काहीतरी दिसलं. वॉर्डात असताना खुपऱ्या भराभर उतरल्या. मी खुशीत तिला घरी पाठवली. पंधरवड्यात दाणे पुन्हा वर आले. म्हणजे औषध लागू पडत होतं, आणि घरी गेली की रोग परत लागत होता. घर बघायला हवं होतं.

वडगावला कचेरीसमोर जैनबच्या सासूची पानांची टपरी होती. चाँदबी तिचं नाव, सगळे मावशी म्हणायचे. घर टपरीच्या मागे. ओसरीवर थोरल्या जावेची पोरं खेळत होती, सगळ्यांचे डोळे लाल. खुंटीला एकच पंचा. मी गेले तेव्हा जाऊ पोरांना सुरमा घालत होती. सुरमादाणीतली सलाई एका पोराच्या डोळ्यातून निघून दुसऱ्याच्या डोळ्यात जात होती. शेवटी तीच सलाई तिने जैनबपुढे धरली.

"थांबा," मी ओरडलेच.

मी समजावून सांगितलं. सुरमा बंद, पंचे वेगळे, सगळ्यांच्या डोळ्यांना औषध. जाऊ मान हलवत होती. मावशी टपरीवरून उठून आली होती, भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे डोळे सारखे मिचकत होते आणि पाणी गळत होतं.

"सून बरी झाली की जानार, व्हय ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग तुमीच सांगा बाई, मी तिला कशापायी बरी करू? ती हितं हाय तवर माझा पोरगा कवातरी येईल. ती गेली की त्याचं हितं काय ऱ्हातंय?"

"तुम्ही आहात ना, मावशी."

"आईसाठी कोन समिंदर वलांडून येतंय?"

  जैनब आत उंबऱ्याशी उभी होती. ती बाहेर आली. पदर डोक्यावर ओढून घेत सासूपुढे उभी राहिली.

"अम्मा, मी न्हाई गेले तरी ते यायचे न्हाईत. त्यांचं काम तितं हाय. आपन दोगीबी हितं वाट बघत बसू, एवढंच."

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. पदराने डोळे पुसले आणि कंबरेचा छोटा चिमटा काढून पापणीचा एक केस उपटला. हे तिने इतक्या सवयीने केलं, की मी जवळ जाऊन तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. पापण्या आत दुमडल्या होत्या. केस बुबुळावर घासत होते. डोळ्याची काच जागोजागी धुरकट झाली होती.

"हे कधीपासून?"

"धाकट्याच्या येळंपासनं. आदी नुसते लाल व्हायचे. हिच्यावानी."

"मावशी, हा तोच रोग आहे. आत दाणे होतात, दाण्यांचे वण होतात, वण आकसले की पापणी आत वळते."

मावशीने आता जैनबकडे पाहिलं. "म्हंजी हीबी माझ्यावानी व्हनार?"

"औषध झालं नाही तर होईल."

 मावशीने जावेच्या हातातली सुरमादाणी घेतली, आत जाऊन ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "लावा काय लावायचं ते. आदी मला लावा. पोरं बघतील मंग."

परत आल्यावर मी साठे डॉक्टरांना सांगितलं, की दर बाजाराच्या दिवशी मला वडगावला जायचंय.

"आपला दवाखाना लोणावळ्यात आहे, बाई."

"ट्रस्टींच्या ड्रायव्हरचं घर आहे, सर."

ते हसले आणि परवानगी दिली. मावशीच्या पापण्यांचं ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं. त्यात त्यांचा हात फार चांगला होता. पट्ट्या सुटल्यावर मावशी डोळे उघडझाप करत राहिली. "खुपत न्हाई," म्हणाली. पुन्हा उघडझाप केली. "न्हाईच खुपत."

पर्मिट आलं तेव्हा जैनबच्या पापण्यांतले दाणे गेले होते. पण जिथे दाणे होते तिथे बारीक पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. बरा झालेला रोग अशी खूण ठेवून जातो. मी दाखल्यावर तसंच लिहिलं. एजंटाने दाखला परत पाठवला. फिट किंवा अनफिट, एकच शब्द हवा. जैनब तो कागद घेऊन धावतच आली. मुदत चालू झाली होती आणि बोटी काही रोज सुटत नव्हत्या.

साठे डॉक्टरांनी तिला खिडकीशी नेलं, भिंग घेऊन दोन्ही डोळे तपासले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. फिट. आणि खाली, जुना रोग, आता बरा, वण शिल्लक. मीही सही करतो."

त्या कागदावर मुंबईच्या कंपनीच्या डॉक्टरने हरकत घेतली नाही. जैनब गेली.

पुढचे दिवस मावशी आणि मी सारख्याच बेचैन होतो. डोळे दाखवायला यायची आणि आधी विचारायची, "उतरू दिलं असंल का तिला?" मी म्हणायचे, दिलं असेल. खात्री दोघींनाही नव्हती. मला त्या पांढऱ्या रेघा दिसत राहायच्या.

जैनबचं पत्र आलं ते मावशी वाचून घ्यायला बंद पाकिटातच माझ्याकडे घेऊन आली. बंदरावरच्या डॉक्टरने पापणी उलटली, रेघा पाहिल्या आणि तिला बाजूला काढलं. उतारूंना अडकवून ठेवायच्या जागी ठेवलं. इस्माईल रोज कुंपणाबाहेर येऊन उभा राहायचा. तिने लिहिलं होतं, "मी त्यांना पुसलं, दुसरी केली न्हाई ना? ते म्हनले, येडी हायेस का?" मग दुसऱ्या डॉक्टरने तपासलं, आमचा दाखला वाचला आणि तिला सोडलं. काही दिवस पुन्हा पुन्हा तपासणीला जावं लागलं. कायम राहायचा कागद मिळाला तो बऱ्याच महिन्यांनी, हे पुढच्या पत्रातून कळलं.

त्यानंतर लवकरच लढाई लागली आणि बायकांना बोटीवर जागा मिळेनाशी झाली. ते पर्मिट हुकलं असतं तर ती वडगावलाच राहिली असती, किती वर्षं ते कोणी सांगावं.

मी लोणावळा सोडलं तोपर्यंत इस्माईल आला नव्हता. मावशीचं म्हणणं खरं ठरलं होतं, तसं जैनबचंही. मावशी टपरीवर बसायची, पानं निवडायची आणि चिमट्याची गरज तिला पडत नसे.

खुपऱ्यांना मोरचूद लागतं हे मला कॉलेजात शिकवलं होतं. रोगी बरा होऊ नये असं घरात कोणाला वाटतं का, आणि का वाटतं, हे औषध सुरू करण्याआधी विचारून घ्यावं. हे मी वडगावला शिकले.