शुक्रवारच्या लिंकवर अमेरिका

आमच्या देवेंद्रला राग येतच नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो. आम्ही आखातात, अबू हलीफात राहतो. तो इथल्या एका शाळेत इतिहास शिकवतो, मी फहाहीलच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. घराला समुद्राकडची एक खिडकी आहे, मुलगी स्पृहा दहावीत आहे, भांडायला मी आहे. माणसाला आणखी काय लागतं? फक्त या घराचा कारभार चालायचा मिरजेहून.

मिरजेला दादा असतात, देवेंद्रचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी स्वतःचं कॉलेज सोडलं, कारकुनी धरली आणि याला शिकवलं. ते उपकार मीही मानते हो, पण म्हणून आमच्या सोफ्याचा रंगसुद्धा त्यांनीच ठरवायचा? शुक्रवारी इथे सुट्टी, पोहे झाले की दादांशी व्हिडिओ कॉल. त्याची लिंक कायमची एकच. आठवडाभराचे प्रश्न आम्ही मांडायचे आणि दादांनी निकाल द्यायचा. स्पृहाने कुठले विषय घ्यायचे, आम्ही गावी कधी यायचं, नवा एसी हवाच कशाला. इथला पन्नास अंशांचा उन्हाळा त्यांनी जन्मात पाहिलेला नाही, आणि सांगणार काय, तर "पंख्यावर भागवा की!"

यंदा मार्चात तर दादांनी कळसच केला. "देवा, जूनमध्ये परत या सगळे. खालचा हॉल तुझ्या क्लाससाठी रिकामा केलाय. रंगारीपण सांगून ठेवलाय."

देवेंद्रचा चेहरा खर्रकन उतरला. त्याचा जीव इथल्या वर्गात. घरात चार शब्द न बोलणारा हा माणूस मुलांपुढे उभा राहिला की असा खुलतो की बघत राहावं. त्याला जायचं नव्हतं, हे मला लख्ख दिसत होतं. तोंडातून मात्र काय निघालं? "बघतो, दादा." झालं! याचं "बघतो" म्हणजे "हो", हे अख्ख्या मिरजेला ठाऊक. पुढच्या वर्षी राहणार की नाही, ते शाळेला गुरुवारपर्यंत कळवायचं होतं. मी चार दिवस भांडी आपटून घेतली, दुसरं काय करणार?

बुधवारी धुळीचं वादळ आलं. बाहेर सगळं पिवळंधम्मक, समोरची इमारतही दिसेना. शाळा ऑनलाइन झाल्या, मलाही घरूनच काम करायला सांगितलं. देवेंद्रने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि घाईघाईत नववीच्या मुलांना लिंक पाठवली. कुठली? आमची शुक्रवारची! त्या लिंकवर कुणीही आलं की दादांचा फोन वाजतो. भलत्या दिवशी वाजला म्हणजे काहीतरी झालं असणार, असं वाटून बिचारे दादाही आत आले.

मी ताक घेऊन गेले तर मुलांच्या चेहऱ्यांमध्ये एक अर्धं कपाळ आणि मागे मिरजेचा देव्हारा. फोन नेहमी असाच धरतात ते, त्यामुळे लगेच ओळखलं. देवेंद्रला पत्ताच नाही, कारण शिकवताना तो येरझाऱ्या घालतो, पडद्याकडे बघतच नाही. स्पृहा माझ्या कानात कुजबुजली, "आई, बाबांची लिंक राँग आहे! काका इज देअर!" मी तिचा हात दाबला आणि गप्प उभी राहिले. मुद्दाम.

शिकवणं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते. "अमेरिकेतल्या तेरा वसाहती," तो म्हणत होता. "बहुतेक माणसं इंग्रजच, राजा एकच. भांडायची हौस नव्हती कुणाला. पण कर लंडनहून ठरायचे, कधी कागदावर, कधी चहावर. आणि जिथे ठरायचे त्या सभेत यांचा एकही माणूस नाही. कर किती, यापेक्षा आम्हाला न विचारता का, हे त्यांना जास्त लागलं. बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, तरी लगेच कुणी वेगळं झालं नाही. लढाई सुरू झाल्यावरसुद्धा त्यांनी राजाला विनवणी केली, आम्ही तुमचेच आहोत, जरा ऐका. राजाने त्यांचं पत्र हातातही घेतलं नाही. मग सतराशे शहात्तरच्या जुलैत त्यांनी जाहीर केलं, आजपासून आम्ही स्वतंत्र. पुढे कित्येक वर्षं युद्ध चाललं आणि शेवटी राजाला ते मान्य करावं लागलं."

"सर," लॅपटॉपमधून आवाज आला, "डिड द किंग एव्हर गो देअर?"

"नो, नेव्हर," देवेंद्र सवयीने म्हणाला, आणि जागीच थांबला. त्याने आवाज ओळखला होता.

मुलं खुसखुसली. त्याने कसाबसा तास आटोपला, एकेक चेहरा गेला आणि मागे दादा तेवढे उरले.

"मला टोमणा होता का रे हा?"

"नाही हो दादा! नववीचा धडा आहे. दर वर्षी शिकवतो."

देवेंद्र खुर्चीत बसला, पुन्हा उठला. आता "बघतो" येणार म्हणून मी डोळेच मिटले. तो म्हणाला, "पण दादा, जूनमध्ये मी येणार नाही. मला इथेच शिकवायचंय. रागावू नका."

मला रडूच कोसळलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

दादांनी विचारलं, "तो तुझा राजा... जन्मभर रागच धरून बसला का?"

"नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकेचा पहिला राजदूत लंडनला आला, तेव्हा राजा त्याला म्हणाला, वेगळं व्हायला मी सगळ्यांत शेवटी तयार झालो, पण आता मैत्रीला सगळ्यांत आधी मी."

मग दादा म्हणाले, "मी नि तुझी वहिनी यावं म्हणतो तुझ्याकडे. कुठला महिना बरा?"

मीच पुढे झाले. "डिसेंबर, दादा! छान गारवा असतो. कधीची तिकिटं काढू, सांगा."

"मला काय विचारतेस?" दादा म्हणाले. "घर तुमचं. तारीख तुम्ही ठरवा."