संध्यासाठी नागपुरात खोली शोधली, तेव्हाची गोष्ट

या ब्लॉगवर मी आजवर घाट, देवळं, धरणं आणि खाण्याच्या जागा यांच्याबद्दलच लिहीत आलो. गेल्या आठवड्यात एका वाचकाचा निरोप आला: मुलीला नागपुरात कॉलेजला ठेवायचंय, राहायला कोणता भाग सुरक्षित, ते सांगा. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. लिहायला बसलो आणि १९८० सालच्या माझ्या नागपूरच्या फेऱ्या आठवल्या. हे त्यांचंच प्रवासवर्णन आहे. प्रेक्षणीय असं यात काही नाही.

आमचं गाव कळमेश्वरपासून सायकलने अर्ध्या तासावर. आम्ही गावचे पाटील, घरची शेती होती, आणि मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. वय पंचवीस. माझी बहीण संध्या त्या वर्षी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नागपुरात बी.एस्सी.ला तिचा नंबर लागला. गावातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी. आई घाबरली. बाबांनी चार दिवस विचार केला आणि मग मला अंगणात बोलावलं.

"जागा तू पाहून ये," ते म्हणाले. "तुले पटली तं मले पटली."

त्या वाक्याने माझी छाती फुगली. घरात पहिल्यांदाच कोणीतरी मला मोठा माणूस समजलं होतं.

जूनच्या शेवटी संध्या आणि मी सकाळच्या एसटीने निघालो. रस्ता तासाभराचा, पण खड्ड्यांमुळे दीड तासाचा वाटायचा. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरून एका टपरीवर पोहे खाल्ले, वर चण्याचा झणझणीत रस्सा. संध्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने आणखी रस्सा मागितला. तिचं सगळीकडे लक्ष होतं: कोणती बस कुठे जाते, कंडक्टर काय ओरडतो, मुली कशा पुस्तकं छातीशी धरून रस्ता ओलांडतात.

पहिली खोली गांधीबागेत होती, कापडाच्या एका गोदामावर. खाली दिवसभर हमालांची ये-जा, गाठी उतरवायचा गोंधळ. मालक चांगला माणूस होता. त्याने स्वतःच सांगितलं, "भैया, दुकानं बंद झाली की यहाँ कोई नहीं रहता. लडकी के लिए मत लो." असा खरं सांगणारा माणूस भेटणं हे नशीबच, एवढं खोली शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

दुसरा पत्ता संध्याच्या बारावीच्या मॅडमने दिला होता. पंचफुलाबाई नावाची एक बाई मोठ्या दवाखान्यात आया होती आणि शिकणाऱ्या मुलींना घरी ठेवायची. सायकल रिक्षाने गेलो. बसस्टॉपपासूनच वस्ती सुरू होत होती. अरुंद गल्ली, एका बाजूला पिठाची चक्की, पुढे शिंप्याची दोन मशिनं, सायकलचं दुकान. ओट्यांवर बाया धान्य निवडत बसलेल्या. आम्ही कोण, कोणाकडे जातोय, हे तिघींनी विचारलं आणि चौथीने घरापर्यंत आणून सोडलं.

पंचफुलाबाई चाळिशीची असेल. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चार कॉट. तीन मुलींनी भरलेल्या, एक रिकामी.

"पोरगी बसमधून उतरली का दहाजणी पाहतात," ती म्हणाली. "कोनाची टाप नाई काही बोलाची. उशीर होणार असन तं सांगून जाजो, बाई. मी नाई तं शेजारची कोणी स्टॉपवर उभी राहीन."

"प्रॅक्टिकल असलं तर सहा वाजतात," संध्या म्हणाली.

"वाजू दे ना. दवाखान्यात माही ड्यूटी कवा संपते, ते कोणाले माहीत असते? पोरीनं शिकाव का घड्याळ पाहाव?"

छप्पन साली तिच्या वडिलांनी इथेच नागपुरात दीक्षा घेतली होती. मुलींना शिकवा, एवढंच ते घरात बोलायचे, असं तिने सांगितलं. मग चहा आला. मी म्हणालो, आत्ताच घेतला. संध्याने आपला कप संपवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझाही उचलून पिऊन टाकला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाऊ, हेच घेऊ."

मी म्हणालो, "पाहू." वस्ती वाईट नव्हती, हे मला दिसत होतं. मला गाव दिसत होतं. पाटलाची मुलगी कोणाच्या घरी राहते, कोणाच्या चुलीवरचं खाते, हे लोक बाबांना विचारतील, आणि बाबा मला विचारतील. बसमध्ये मी संध्याला बजावलं, "बाबाले मी सांगतो. तू मधात बोलू नको."

घरी मी फक्त गांधीबागेचं सांगितलं.

पुढच्या रविवारी कारखान्यातल्या साहेबांच्या ओळखीने तिसरी जागा पाहिली. शहराच्या कडेला नवा लेआउट पडला होता. रुंद रस्ते, नवे बंगले, कंपाउंडच्या भिंती, मधे मोकळे प्लॉट. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन होतं, सगळं कसं शांत, स्वच्छ. घरमालक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी आम्हाला हॉलमध्ये बसवलं, सरबत दिलं. ते मी प्यालो.

"आमच्याकडे सगळी सुशिक्षित मंडळी," ते म्हणाले. "साडेसहाला फाटकाला कुलूप. मुलगी म्हणजे आमचीच जबाबदारी."

"काका, गुरुवारी माझं प्रॅक्टिकल सहापर्यंत असते," संध्या म्हणाली.

ते माझ्याकडे पाहून बोलले, "तशी वेळ येऊ द्यायची नाही. काय?"

मी मान हलवली. कुलूप आहे म्हणजे काळजी मिटली, असं मला खरोखर वाटलं. खोली पाहायला मी भर दिवसा गेलो होतो. ज्या वेळेला ती एकटी चालत येणार, त्या वेळेला तो रस्ता कसा असतो, हे पाहायचं मला सुचलं नाही. वाचकाला द्यायचं उत्तर खरं म्हणजे इथेच संपतं: खोली बघायला संध्याकाळी जा, आणि स्टॉपपासून पायी जा.

जुलैत संध्या राहायला गेली. सुरुवातीची पत्रं आनंदाची होती. बेडूक कापला, हात थरथरला नाही. लायब्ररीत खिडकीजवळची जागा मिळाली. ऑक्टोबरात एक पत्र आलं: भाऊ, स्टॉपपासून घरापर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. दोन पोट्टे सायकलवर मागे येतात. काही करत नाहीत, पण रोज येतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, लवकर येत जा.

मी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं. लवकर निघत जा, इकडेतिकडे पाहू नको, अभ्यासाकडे लक्ष दे. तेव्हा ते मला मोठ्या भावाला शोभणारं वाटलं होतं.

डिसेंबरात बाबांना घरमालकांचं पत्र आलं. आपली कन्या उशिरा येते, मुलं घरापर्यंत मागे येतात, आमच्या घराला हे शोभत नाही. बाबांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. "जा, घेऊन ये तिले," एवढंच म्हणाले.

मी दुपारी कारखान्यातून सुटलो आणि नागपूरला पोचून लेआउटच्या स्टॉपवर उतरलो, तेव्हा सव्वासहा झाले होते. थंडीत तेवढ्यातच अंधारून येतं. बस निघून गेली. एका बाजूला मोकळे प्लॉट, कमरेएवढं गवत, दुसऱ्या बाजूला भिंती. बंगल्यांत दिवे होते, पण दारं-खिडक्या बंद. एका घरात रेडिओ चालू होता. मी ओरडलो असतो तरी कोणाला ऐकू गेलं असतं, असं वाटेना. आठ-दहा मिनिटं चाललो. मी पंचवीस वर्षांचा पुरुष, आणि दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्या व्हरांड्यात बसली होती. तिच्या तळहातांवर खरचटल्याच्या खपल्या होत्या. आधीच्या गुरुवारी त्या दोघांनी तिच्या खांद्यावरची पिशवी ओढली. ती पडली, उठली, पळत फाटकापाशी आली. कुलूप होतं. तिने फाटक वाजवलं, हाका मारल्या. काका पूजेला बसले होते. पूजा आटोपून त्यांनी किल्ली आणली, तोवर ती दोन्ही हातांनी गज धरून उभी होती आणि ते दोघं रस्त्यापलीकडे उभे राहून हसत होते.

"आत आल्यावर काका म्हणाले, एवढा उशीर काहून झाला?" संध्याने सांगितलं. ती रडत नव्हती. तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. "भाऊ, पंचफुलाबाईकडली एक कॉट रिकामी झाली. मी काल जाऊन आली. ती म्हणे, सामान घेऊन ये, बाकीचं मंग पाहू."

"बाबांनं घरी आणाले सांगतलं आहे."

"मंग तू सांग ना त्याईले. तू सांगशीन तं ऐकतीन."

"नंतर पाहू."

"मार्चमध्ये परीक्षा आहे. नंतर म्हणजे कवा?"

मी आवाज चढवला. सामान बांध म्हणालो. घरमालकांनी तिची ट्रंक रिक्षात ठेवायला मदत केली आणि "वेळेत नेलंत, बरं झालं" म्हणाले. मी त्यांना नमस्कार केला. त्यांचे आभारही मानले.

बर्डीवर गरम सांबारवडी घेतली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, ती भरून तळलेली वडी संध्याला फार आवडायची. तिने पुडा मांडीवर धरला आणि उघडला नाही. शेवटची एसटी खचाखच भरली होती. तिला खिडकी मिळाली, मी उभा राहिलो.

घरी आई तिच्या हातांना हळद लावत होती. बाबा पायरीवर बसले होते. मी झालेलं सगळं सांगितलं, घरमालकांच्या पत्रातला ठपका खोटा होता हेही सांगितलं. तिची चूक नाही, मोहल्लाच चांगला नव्हता, म्हणालो.

बाबांनी विचारलं, "दुसरी जागा नव्हती काय गा?"

संध्या दारात उभी होती. मला वाटलं, आता सांगितलं तर जूनमध्ये का लपवलं, हे सांगावं लागेल.

"नव्हती," मी म्हणालो.

"असती तं अजूनही धाडली असती मी," बाबा म्हणाले. "पोरगी हुशार आहे."

संध्याने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. ती का बोलली नाही, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मला खोटं पाडायचं तिच्या मनात नव्हतं की माझ्यासाठी एकही शब्द खर्च करायची इच्छा उरली नव्हती, मला कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. ती परीक्षेला बसली नाही. दीड वर्षाने तिचं लग्न झालं, कळमेश्वरलाच. संसार नीट झाला. बाबा गेले तेव्हाही त्यांना खरं माहीत नव्हतं.

१९८७ साली माझ्या चुलत बहिणीला, मीनाला, नागपुरात कॉलेज मिळालं. खोली पाहायला तिच्यासोबत कोणी जायचं, हा प्रश्न निघाला. माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती, नागपूरला माझं नेहमी जाणं-येणं होतं, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संध्या म्हणाली, "मी जातो तिच्यासंगं." दुपारच्या गाडीने निघायचं तिने ठरवलं, म्हणजे संध्याकाळी पोचता येईल.

मी स्टँडवर गेलो. दोघी बसमध्ये बसल्या होत्या. खिडकीपाशी जाऊन म्हणालो, "मी येऊ काय? मदत होईन."

संध्याने मीनाच्या मांडीवरची पिशवी सरकवून घेतली, गाडी सुरू झाली तसा पदर सावरला.

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "तू नको येऊ."